सातशे वीस हाका

ही ऐकीव गोष्ट नाही. माझी थोरली बहीण गोदूबाई हिच्या घरात ती घडली.

मागच्या वर्षीचा मार्गशीर्ष. वद्य अष्टमी, शनिवार. गाव कशेळी.

आणि रात्र नव्हती... भर दुपार होती.

आमच्या लहानपणी कशेळीत खाडी होती, मिठागरं होती आणि वारा होता. आता गोदामं आहेत. दिवसभर ट्रकांचा गोंगाट. पण गोदामांच्या मागे खाडी तशीच आहे.

गोदूचा मुलगा कुमार सोमवारी दुपारी चिंबोऱ्या, म्हणजे खाडीतले खेकडे, धरायला होडी घेऊन गेला. होडी मिळाली.

कुमार मिळाला नाही.

पाच दिवस शोध चालला. कुमारची बायको तुळजा भिंतीला टेकून बसलेली. कपाळावर कुंकू. ते ठेवावं की पुसावं, कुणी सांगू शकत नव्हतं. देह मिळाल्याशिवाय ना अग्नी, ना दिवस. ती एकच गोष्ट मागत होती, "मला त्यांचं तोंड बघू द्या."

तुळजाची मुलगी हेमाली ठाण्याच्या कॉलेजात संशोधन करते. खाडीचं पाणी भरती-ओहोटीत कुठून कुठे जातं, याचा हिशेब करणारा प्रोग्रॅम तिच्या लॅपटॉपवर होता. प्रोग्रॅममधल्या खाडीच्या नकाशात, होडी सापडली त्या जागी, हजार ठिपके सोडायचे. सोमवारपासून ते कसे वाहिले असतील ते बघायचं. जास्तीत जास्त ठिपके जिथे अडकतील, तिथे बाप.

गोदू तिच्याजवळ जाऊन बसली.

"एवढी शिकलीस गो, आणि शेवटी नारळच सोडतेस?"

हेमाली पाच दिवसांत पहिल्यांदा हसली. नारळाची गोष्ट तिला ठाऊक होती. आमचा काका बुडाला, तेव्हा आजोबांनी सुका नारळ दिवा लावून पाण्यात सोडला होता. नारळ जिथे गोल फिरत राहिला, तिथेच काका मिळाला.

"तसंच समज, आजी. फक्त माझे नारळ हजार आहेत."

मग तिने प्रोग्रॅमचं सगळ्यात वरचं पान उघडलं. त्याला ती ग्लोबल आउटपुट म्हणते. नोंदी कशा लिहायच्या, ते तिथे एकदाच ठरवायचं. मग ते सगळ्याला लागू.

"नोंद दर दहा मिनिटांची," ती टाइप करता करता बोलत होती. "सोमवार दुपारी बारा ते आज दुपारी बारा. म्हणजे सातशे वीस फायली. आणि प्रत्येक फाईलच्या पुढे लावायला एक नाव. काय देऊ?"

गोदूने भिंतीशी बसलेल्या तुळजाकडे बघितलं.

सोमवारपासून त्या घरात कुमारचं नाव कुणी घेतलं नव्हतं. "त्यो" म्हणायचे, "ते" म्हणायचे. हेमालीला वाटलं, दुःखाने.

"आजी?"

"त्याचंच दे," गोदू हळूच म्हणाली. "कुमार दे."

अकरा वाजता हेमालीने बटण दाबलं.

कुमार एक. कुमार दोन. कुमार तीन... पडद्यावर ओळी उतरू लागल्या. ठिपके खाडीभर पांगले, परत आले, पुन्हा गेले. आणि हळूहळू जुन्या बांधाजवळच्या तिवरांच्या झाडीत गोळा व्हायला लागले.

हेमालीने चिंधूला फोन लावला. चिंधू गावातला जुना होडीवाला.

"चिंधूकाका, जुना बांध! तिवरात बघा, लवकर!"

"निघालू. ओहोटी हाय, चिखल उघडा पडलाय."

तुळजा उठून उभी राहिली.

तेवढ्यात गोदूला आवाज आला.

टप...

मागच्या दाराकडून. ओल्या कपड्यातून पाणी गळावं तसा.

पडद्यावर नवी ओळ आली.

टप...

पुन्हा ओळ. पुन्हा टप.

शेजारच्या कोंबड्या गप्प झाल्या होत्या. रस्त्यावरचे ट्रकही ऐकू येईनात. हेमाली पडद्याकडे वाकून बघत होती. तिचा चेहरा उतरला.

"आजी... एक ठिपका जास्त आहे. मी हजार सोडले. हे हजार एक मोजतंय."

जास्तीचा ठिपका तिवरातून निघाला होता. ओहोटी समुद्राकडे ओढत होती, आणि तो उलटा येत होता. पाणी संपलं, तरी थांबला नाही. हेमालीच्या नकाशात जमीन नव्हतीच, नुसता पांढरा रंग. त्या पांढऱ्यावरून तो गोदामांच्या मागून चालत आला... माणसाच्या चालीने.

कुमार सातशे अठरा.

कुमार सातशे एकोणीस.

कुमार सातशे वीस.

ठिपका थांबला. हेमालीने बोट ठेवलं. "हे आपलं घर आहे."

बारा वाजले होते.

मागचं दार आपोआप उघडलं नाही. तुळजाने उघडलं.

बाहेर कुणी नव्हतं. उंबरा भिजलेला होता. तिने बोट बुडवून जिभेला लावलं.

"खारं हाय," ती म्हणाली. आणि तिथेच खाली बसली.

तासाभराने चिंधू आला. गुडघ्यापर्यंत चिखल. रिकाम्या हातांनी.

"तिवरात माणूस पडल्याची खूण हाय. डोकं, खांदं, सगळं दिसतंय. ताजी. मी गेलू तवा तीत पाणी भरत व्हतं." त्याने गोदूकडे बघितलं. "वयनी, त्याचं नाव कुणी घेतलं?"

मग चिंधूची नजर भिजलेल्या उंबऱ्यावर गेली.

"खाडीत गेलेल्याचं नाव घेत न्हायत. घेतलं की त्यो घरी येतो, आणि अंग खाडी ठेवून घेते. तुला ठावं न्हाय?"

हेमालीच्या हातातून फोन पडला. तिने नाव नुसतं एकदा घेतलं नव्हतं. सातशे वीस वेळा घेतलं होतं.

तिने सगळ्या फायली पुसल्या. नाव काढून पुन्हा ठिपके सोडले. या वेळी हजारच्या हजार ठिपके समुद्रात निघून गेले.

कुमारचा देह मिळाला नाही. आता मिळणारही नाही. तुळजाचं कुंकू तसंच आहे. हेमालीने संशोधन सोडलं. ती घरी जेवते, झोपते, पण आजीशी बोलत नाही.

या दिवाळीत मी चार दिवस तिथे राहिले. मागच्या दाराशी टप आवाज येतो. पाऊस नसताना, नळ बंद असताना. मी घड्याळ लावून बघितलं... बरोबर दर दहा मिनिटांनी.

निघताना मी गोदूला एकटीला गाठलं.

"गोदू, आजीने आपल्या दोघींना एकाच वेळी सांगितलं होतं. काका बुडाला तेव्हा. तुला ठाऊक होतं."

ती तांदूळ निवडत होती. मान वर केली नाही.

"ठावं व्हतं."

"मग?"

मागे टप वाजलं. तिचे हात थांबले. चेहऱ्यावर जे आलं, त्याला हसू म्हणावं का, मला अजून कळत नाही.

"आला ना पण," ती म्हणाली.

त्यानंतर मी कशेळीला गेलेले नाही.

आणि एक सांगते. माझ्या भाच्याचं नाव कुमार नव्हतं. खरं नाव मी इथे लिहिलेलं नाही. कुणी विचारू नये.