भरवलेली लेक

"टिनातलं गोमांस आणि उकडलेला नीरफणस. सुट्टीतसुद्धा हेच का गं?" म्हातारी तेतुआ सुनेला म्हणाली, पण बोलता बोलता तिने ताट पुढे ओढून घेतलं.

"सासूबाई, मासे तुमच्या लेकाने पकडायचे होते."

"लेक बोटी दुरुस्त करतो," तेमाना सुकाणूजवळून ओरडला. "मासे स्वतःहून वर आले तर धरीन."

तेमाना उतुरोआ बंदराच्या गोदीत कामाला होता. पर्यटकांचा हंगाम सरला की मालक एखादी शिडाची बोट त्याला घरच्यांसाठी देई. या वर्षी तो आई तेतुआ, बायको मोएआ आणि पाच वर्षांची तितैना यांना घेऊन बेटं फिरायला निघाला होता. तितैनाच्या आधीची मोएआची मुलं पोटातच गेली होती. या एका लेकीच्या डोक्यावर हात ठेवल्याशिवाय तिची सकाळची प्रार्थना पुरी होत नसे.

ते माउपिती बेटाला पोचले आणि दक्षिणेकडून लाटा वाढल्या. प्रवाळाच्या कडेतून बाहेर पडायला तिथे एकच अरुंद खिंड आहे. तिच्या तोंडाशी पांढरा फेस उभा राहिला. आता समुद्र उतरेपर्यंत आतच थांबायचं. तेमानाने एका वाळूच्या छोट्या बेटाच्या आडोशाला नांगर टाकला.

दुपारी त्या छोट्या बेटावरून एक म्हातारी होडी वल्हवत आली. केसांना सुगंधी तेल, अंगावर इस्त्रीचा पांढरा झगा, मांडीवर केळीच्या पानाने झाकलेला वाडगा. वाडग्यात भोपळ्याचा गरम पोए होता, मऊ गोड लगदा, नारळाच्या दुधात न्हालेला.

"एकच का?" तितैनाकडे बघत तिने विचारलं.

"एकच."

"मग ही मला दे. मी भरवीन तिला."

गोंडस लेकरू दिसलं की इकडे बायका असं मागतातच. हातात खाऊ घेऊन आलेल्या वडीलधाऱ्या बाईला तोंडावर नाही म्हणणं बरं दिसत नाही. मोएआ हसली. "न्या की! रात्रभर रडून छप्पर उडवेल तुमचं. सकाळी आपण होऊन परत आणाल."

"नाही रडणार," होडीतली म्हातारी म्हणाली. तिने बोटांनी एक घास केला आणि तितैनाच्या तोंडात घातला.

होडी दूर गेल्यावरही तेतुआ वाडग्याला शिवली नाही.

"सासूबाई, खा ना," मोएआ म्हणाली.

"तू 'न्या' म्हणालीस. तिने भरवलं. भरवून आपलंसं केलेलं फाआमू लेकरू याहून वेगळं कसं होतं गं? माझी धाकटी बहीण अशीच मावशीची झाली. एक बोल, एक घास."

"थट्टा होती ती."

"तू केलीस थट्टा. तिने केली का?"

संध्याकाळी तितैना जेवली नाही. पोट भरलंय म्हणाली. सकाळीही तेच. मोएआने तिच्या आवडीचे गोड पाव पुढे केले, तिने नम्रपणे नाही म्हणून मान हलवली. ती आजारी दिसत नव्हती. गाल उलट भरले होते. प्रार्थनेच्या वेळी मोएआने तिच्या डोक्यावर हात ठेवला, तेव्हा केसांना धुराचा वास आला. नारळाच्या करवंट्या जाळल्यावर येतो तसा. बोटीवरची चूल गॅसची होती.

मोएआ छोटी नाव घेऊन त्या छोट्या बेटावर गेली. नीट सांगायचं, हात जोडायचे, वाडगा परत करायचा. झोपडी होती. अंगण झाडलेलं होतं, झाडूचे फराटे ताजे होते, आणि त्या फराट्यांवर कुणाचंही पाऊल नव्हतं. खड्ड्यातल्या चुलीचे दगड हाताला ऊन लागले. आत एक मोठी चटई होती. तिच्या शेजारी एक आखूड, नवी विणलेली, कडा अजून हिरव्या.

तिने हाका मारल्या. कुणी ओ दिली नाही. वाडगा उंबऱ्यावर ठेवून ती तशीच गावच्या धक्क्यावर गेली. तिथे ओळखीची तापेता कलिंगडं विकत बसली होती. मोएआने त्या झोपडीतल्या बाईचं विचारलं.

तापेताचा सुरा कलिंगडात थांबला. "अजून मागते का ती?"

"म्हणजे? कोण आहे ती?"

"तू काय म्हणालीस तिला?"

तापेताने कापलेलं कलिंगड झाकलं, पैसे न घेता एक अख्खं तिच्या नावेत ठेवलं, आणि पुन्हा तिच्याकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी लाटा पुरत्या उतरल्या नव्हत्या, तरी मोएआ म्हणाली, "काढ बोट."

"वेडी आहेस का? खिंडीत उलटलो तर?"

"काढ रे," तेतुआ म्हणाली. आईपुढे तेमानाचं चाललं नाही.

खिंडीत बोट दोनदा आडवी झाली. मोएआने तितैनाला पोटाशी घट्ट बांधून घेतलं होतं. मग एकदम मोकळा समुद्र लागला, शिडं फुगली, माउपितीचा डोंगर मागे निळा पडत गेला. मोएआने देवाचे आभार मानले आणि लेकीला सोडलं.

भर दुपारी तितैना मांडी घालून बसली. तोंड मागच्या डोंगराकडे.

तिने आ केला. मिटला. चावू लागली.

मोएआने तिच्या तोंडात बोट घातलं. बोटावर पिवळा पोए आला.

तो गरम होता.

आपल्या ताहाआ बेटाच्या आतल्या शांत पाण्यात ते पोचले तेव्हा सूर्य टेकला होता. घर समोर दिसत होतं, पलीकडच्या किनाऱ्यावर उतुरोआचे दिवे लागत होते. तेमानाने नांगर टाकला. मोएआ प्रार्थनेचं पुस्तक आणायला आत गेली आणि परत आली, तेवढाच वेळ.

तितैनाच्या केसांच्या दोन वेण्या घातलेल्या होत्या, तेल लावून, घट्ट. ती रोजच्यासारखी आईच्या मांडीशी आली नाही. पाण्यात उतरायच्या मागच्या पायरीजवळ, पाहुण्यासारखी अवघडून बसली.

"इकडे ये गं."

"इथेच बरं आहे, मावशी."

तेमानाने मान वर केली.

"कोण मावशी?" मोएआने विचारलं. "मी कोण तुझी?"

तितैना गोड हसली. "आई म्हणाली, प्रार्थना होईपर्यंत बस. झाली की लगेच ये."

बोटीच्या बाजूला, होडी येऊन टेकावी तसं, लाकडावर लाकूड हलकेच लागलं.

मोएआने पुस्तक उघडलं. नेहमीचं स्तोत्र म्हटलं. मग पुढचं. मग त्याच्या पुढचं. अंधारात अक्षरं दिसेनाशी झाली तशी ती पाठ असलेलं म्हणू लागली. तिचा श्वास तुटला तिथे तेतुआने सूर उचलला, तेतुआ खोकली तिथे तेमानाने. शेवटचं 'आमेन' कुणीच म्हणत नव्हतं.

तितैना उठली नाही, मधे बोलली नाही. एक हात पायरीच्या कठड्यावर ठेवून, डोळे मिटून, ती शांतपणे वाट बघत बसली होती. कुणीतरी तिला फार चांगलं वळण लावलं होतं.