रिलीव्हर आल्याशिवाय

बदलीची बांधाबांध झाली, सिद्धेश. पुढच्या महिन्यात पुणे. एकच काम राहिलंय आणि त्यासाठीच तुला चहाला बोलावलं. हसू नकोस हं. आमच्या घरात देव नाही, त्यामुळे भूतही नाही, इतका सरळ हिशोब. त्यात मी नेटवर्कची कामं करणारी. उत्तर मिळेना की केबल तपासायची, एवढंच मला ठाऊक. तरी ऐक.

ठाकुर्लीला रेल्वे क्वार्टर्सच्या मागे आमच्या विहाराची अभ्यासिका आहे. ती सीतारामकाकांनी उभी केली. काका रेल्वेत केबिनमन होते, सिग्नलच्या केबिनीत पाळीची ड्युटी. निवृत्तीनंतर लोकांनी टाकून दिलेले कॉम्प्युटर गोळा करून त्यांनी तिथे मांडले. त्या डबड्यांना स्वतःची अक्कल नाही. चालू झाली की ती एका सर्व्हरला शोधतात आणि सगळं काम तो सर्व्हर करतो. काका गेले, पाठोपाठ सर्व्हरही जळाला आणि अभ्यासिकेला कुलूप लागलं.

विहाराच्या लोकांनी मला बोलावलं ते क्वार्टर्समधल्या स्वप्नासाठी. तिची बँकेची परीक्षा तोंडावर आली होती. वयाच्या अटीत बसणारी ही शेवटचीच, आणि घरी कॉम्प्युटर नाही. पोरीने सराव करायचा कुठे? मी म्हटलं, रविवारी जाते, नवा सर्व्हर बसवते, तासाभराचं काम.

टळटळीत दुपार होती. रमाकाकींनी, म्हणजे काकांच्या बायकोने, कुलूप उघडलं आणि त्या उंबऱ्याशीच बसल्या. आत खिडक्या बंद, कोंदट अंधार आणि चुना-तंबाखूचा वास. इतके महिने बंद असलेल्या खोलीत ताजा वास कसा, हे तेव्हा माझ्या डोक्यातच आलं नाही.

सर्व्हरला नेटवर्कवरचा कायमचा पत्ता द्यायचा होता. तोही जुन्या सर्व्हरचाच, शेवटी दहा असलेला, कारण सगळी डबडी तोच पत्ता शोधणार. त्यांच्यात बदल करायचा तर पासवर्ड काका सोबत घेऊन गेलेले. मी पत्ता टाकला. स्क्रीनवर आलं, हा पत्ता आधीच कुणीतरी वापरतंय.

तुला ठाऊकच आहे, अशा वेळी आपण त्या पत्त्याला हाक मारून बघतो. "आहेस का?" विचारायचं. तिकडे मशीन असेल तर "आहे" असं उत्तर येतं. मी लॅपटॉपवरून हाक मारली. उत्तर आलं. सावकाश आलं, म्हातारं माणूस खुर्चीतून उठता उठता ओ देतं तसं.

एखादं डबडं चालू राहिलं असेल म्हणून मी एकेक केबल उपटली. नव्या सर्व्हरचीही काढली. उरला फक्त माझा लॅपटॉप. पुन्हा हाक मारली.

आहे.

आणि माझ्या पाठीमागे लाकडी खुर्ची करकरली.

पुन्हा हाक, पुन्हा उत्तर, पुन्हा तीच करकर. मान वळवायची हिंमत होईना. घाबरले होते, सरळ सांगते. पळूनच गेले असते, पण स्वप्नाला काय सांगणार?

"काकी..." मी हळूच म्हटलं, "इथे कुणी... बसतं का?"

काकींना नवल वाटलं नाही. "ते कुठं जाणार गं? पुढच्या पाळीचा रिलीव्हर आल्याशिवाय ड्युटी सोडली नाही कधी. हॉस्पिटलात नेत होतो तेव्हापण विचारत होते, चार्ज कोण घेणार... आम्ही सगळे रडत होतो. कोणी बोललंच नाही."

मी मोठ्याने म्हटलं, "काका, उठा आता. चार्ज मी घेतला."

खुर्ची एकदाच करकरली, शेवटची. तंबाखूचा वास माझ्या अंगावरून दारापर्यंत गेला. तिकडे काकींनी पदर डोळ्यांना लावला.

मी त्या दहाच्या पत्त्याला हाक मारली. उत्तर नाही. केबली जोडल्या, पत्ता टाकला, आणि भिंतीकडेची सगळी डबडी उजळली. मला रडूच आलं बघ.

स्वप्ना रोज यायला लागली. मी ऑफिसमधून सुटले की तिथेच. निकाल लागला तेव्हा पोरगी पेढे घेऊन धावत घरी आली. पास!

"ताई, तुमच्यामुळे झालं," ती म्हणाली. "परीक्षेच्या आदल्या दिवशी लाईट गेलेली ना, सगळं बंद पडलेलं. मी तर रडायलाच लागलेले. तुम्ही चालू करून दिलंत म्हणून..."

"मी?"

"मग कोण! अंधारात दिसत नव्हतं, पण खुर्ची वाजली. मी विचारलं, ताई, आहात का? तर तुम्हीच बोललात ना, तुमचाच आवाज, आहे."

त्या दिवशी मी नाशिकला होते. बहिणीला मुलगी झालेली, तिला मांडीवर घेऊन बसले होते.

आता अभ्यासिका भरलेली असते. ती बंद पडू द्यायची नाही. तू खडवलीचा, ठाकुर्ली तुला लांब नाही, आणि काम तुला माझ्याइतकंच येतं. भिऊ नकोस रे. फक्त चार्ज घेताना मोठ्याने बोल. आणि मी निघाल्यावर त्या दहाच्या पत्त्याला एकदा हाक मार, सर्व्हर बंद ठेवून. उत्तर आलं नाही, म्हणजे मी खरंच पुण्याला गेले.