इंझोरीची तार

“इंझोरीची तार तोडाच्या आंधी मले सांगजो, इंद्रभान. भुलू नको.”

चंपाबाई सुपारी कातरता कातरता म्हणाली होती, आणि इंद्रभाननं हसून “हो मावशी, वचन” म्हटलं होतं. कारंज्याच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये ती बोर्डावर बसायची, तो तारा जोडायचा. तिची लेक गंगू इंझोरीला दिलेली. रोज दुपारी एकला तिथल्या डाकघरातल्या फोनवर लेकीचा आवाज ऐकायचा, मगच डबा उघडायचा, आणि जेवल्याशिवाय सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकायचं नाही, हा तिचा नेम. पौषात ती गेली.

शहात्तरच्या चैत्रात नवा बोर्ड आला. जुन्याच्या तारा तोडताना सतराव्या, इंझोरीच्या तारेपाशी इंद्रभानची पक्कड जराशी थांबली. पण मेलेल्या माणसाला काय सांगायचं? त्यानं तार तोडली.

नव्या बोर्डावर चाळीस तारा जोडल्या. पलीकडून कुणी फोनची दांडी फिरवली की त्या नंबरची पितळी झडप खाली पडायची. एकोणचाळीस पडल्या. सतरा, इंझोरी, पडेना.

त्यानं फ्यूज बदलला. सांधे खरवडून पुन्हा जोडले. केनवडची तार सतराच्या खणात लावली, झडप पडली. इंझोरीची केनवडच्या खणात लावली, काही नाही. मीटरवर पाहिलं तर तार शाबूत. बोर्डालाच ती दिसत नव्हती.

“तुमच्यावर रुसली वाट्टे इंझोरी,” बोर्डावरची नवी बाई वच्छला म्हणाली. मग तिचं हसू मावळलं. “गंगूचे दिवस भरले हायेत, भाऊ. मागचं लेकरू दवाखान्याची जीप उशिरा गेली म्हणून हातचं गेलं. तिथं तेवढाच एक फोन हाय.”

तिसऱ्या दिवशी तो एस.टी.नं इंझोरीला गेला. डाकघरात फोनशेजारीच गंगू बसली होती, पोटावर हात ठेवून.

“इथं काहून बसली व, गंगे?”

“आईची वाट पाह्यते.” तिनं आवाज खाली आणला. “गेली तवापासून रोज एकले बोलते, भाऊ. कोणाले सांगू नका. पण दोन दिस झाले, तिले माहा आवाजच जात नाही. ‘गंगू, हायेस का?’ इचारत राह्यते. मी किती ओरडली! उपाशी असन ती.”

“येडी झाली का तू?” तो म्हणाला. तार, डबी, दांडी, सगळं त्यानं तपासलं. काही बिघाड नव्हता.

घड्याळात एक वाजला. त्यानं दांडी फिरवून फोन कानाला लावला. वच्छलाचा आवाज आला नाही. फार लांबून येत होतं, कट्. कट्. कट्. अडकित्ता.

“गंगू, हायेस का?”

“मावशी, मी इंद्रभान.”

मग पुन्हा कट्. कट्.

गंगू त्याच्या तोंडाकडे पाहत होती. तिनं ओठ आवळून पोट दाबून धरलं आणि म्हणाली, “आज उद्या होईनच, भाऊ. फोन लावून द्या.”

चारला तो परतला. जुना बोर्ड व्हरांड्यात भिंतीला टेकवून ठेवला होता, तोडलेल्या तारा तशाच लोंबत. त्याच्यापुढच्या फरशीवर कातरलेल्या सुपारीचा छोटा ढीग होता. बारीक, एकसारखी खांडं. एकाही खांडाला कुणी तोंड लावलेलं नव्हतं.

“सकाळपासून दोनदा झाडलं मी,” वच्छला दारातूनच म्हणाली. ती बाहेर आली नाही.

इंद्रभाननं ती सुपारी वेचून रुमालात बांधली. हातपाय धुतले. सकाळपासून न उघडलेला स्वतःचा डबा उचलला.

“आता कुठं चालले, भाऊ?”

“एक सांगाचं राह्यलं व्हतं,” तो म्हणाला, आणि खाली मान घालून ओढ्याकाठच्या मसणवाटेला लागला.