वाढलेली वाइन

"माझ्या बाटलीतली वाइन वाढली आहे," मुलगी म्हणाली.

भाऊजींनी कप खाली ठेवला. "मग तक्रार कसली? आमच्याकडे दूध असं कधी वाढत नाही."

"भाऊजी, बिस्कीट खा," वहिनी म्हणाल्या.

बिस्कीट खा म्हणजे गप्प बसा, हे भाऊजींना एव्हाना कळलं होतं. वहिनींनी विमा कंपनीत तीस वर्षं खोटे दावे पकडले आणि निवृत्तीनंतर घरातच खासगी तपासाची पाटी लावली. धाकटे दीर, शाळेतले निवृत्त चित्रकला शिक्षक, आपणहून मदतनीस झाले. येणारे लोकही दोघांना वहिनी आणि भाऊजीच म्हणत.

मुलीनं लाकडी खोका उघडला. आत दोन बाटल्यांसाठी दोन खोबणी होत्या. एक रिकामी होती. दुसरीत गडद हिरवी बाटली होती, काचेच्या खांद्यावर दोन पानांचं उठावाचं चिन्ह असलेली.

"मी सोमेलिए होण्याचं शिक्षण घेतलं," ती म्हणाली. "म्हणजे जेवणाबरोबर कुठली वाइन द्यायची ते सांगणारी. मागच्या आठवड्यात पास झाले. बाबा हेच काम करायचे. माझ्या जन्माच्या वर्षी त्यांनी ही वाइन आणली. म्हणाले होते, पास झालीस की उघडू." तिनं बाटलीवरून बोट फिरवलं. "वर्ष झालं त्यांना जाऊन."

"शिकवलं कुणी? त्यांनीच?" वहिनींनी विचारलं.

"दर सुट्टीत एका नव्या द्राक्षमळ्यात न्यायचे. पहिल्या वेळी वाइन चाखू दिलीच नाही. उन्हात तापलेल्या दगडावर पाणी ओतलं आणि म्हणाले, आधी हा वास घे. मी रुसले होते." ती किंचित हसली. "ते गेल्यानंतर आठ महिने मी एकटी फिरले. तेच मळे, तेच रस्ते. सगळीकडे त्यांचं नाव निघालं की लोक खुर्ची पुढे करायचे."

"आणि बाटली?"

"बाबा काम करायचे त्या उपाहारगृहाच्या तळघरात, त्यांच्या कप्प्यात. हे बघा."

बाटलीच्या मानेपासून खांद्यापर्यंत कागदाची अरुंद पट्टी चिकटवली होती. तिच्यावर पेन्सिलीच्या एकोणतीस बारीक रेघा होत्या, एकीखाली एक.

"जुनी वाइन बुचातून थोडी थोडी उडते. दर वाढदिवसाला बाबा पातळीची रेघ मारायचे. शेवटची ही, खांद्यावर. आणि वाइन आज कुठे आहे?"

वाइन मानेत होती. सगळ्या रेघांच्या वर.

"बूच नवं आहे, वरची लाखही नवी," ती म्हणाली. "गाळही विचित्र. आडव्या बाटलीत तो एका कडेला साचतो. इथे कडेलाही आहे आणि तळाशीही घट्ट बसलाय. कुणीतरी बाबांची वाइन पिऊन यात दुसरंच काही भरलंय."

"कुणावर संशय?"

"लंबूवर. माझ्या वर्गातला. सुट्टीच्या दिवशी त्याच तळघरात पेट्या उचलतो. प्रशिक्षण शाळेतलं बूच बसवायचं यंत्र दोन महिन्यांपूर्वी त्यानं घरी नेलं होतं. तक्रार लिहून ठेवलीय मी. पण वहिनी, मला शिक्षा नकोय कुणाला. यात बाबांची वाइन आहे की नाही, एवढंच हवंय. रविवारी उघडायची आहे, आणि उघडायची भीती वाटते."

"खोक्यातली दुसरी बाटली कुठे गेली?"

"कुणाला तरी दिली असेल. बाबा कधी बोलले नाहीत."

वहिनींनी बाटली हातात घेतली आणि पट्टीकडे बराच वेळ पाहत राहिल्या.

*

लंबू चाखण्याच्या वर्गात पेले धूत होता. उंची दरवाजाला टेकेल एवढी.

"यंत्र तू नेलंस?" वहिनींनी विचारलं.

"नेलं."

"कशाला?"

"बूच बसवायला. त्यानं दाढी होत नाही."

"कुठल्या बाटलीला?"

"ते नाही सांगणार. शब्द दिलाय."

"तिनं तुझ्याविरुद्ध तक्रार लिहिलीय," भाऊजी म्हणाले.

"लिहू दे. अक्षर छान आहे तिचं." त्यानं पेला उजेडात धरला. मग मान न वळवता विचारलं, "बाटली आडवीच ठेवलीय ना तिनं?"

बाहेर पडल्यावर भाऊजींनी निकाल दिला. "हाच. नजर चुकवत होता."

"चुकवत होता खरा. पण चोर कधी चोरलेल्या मालाची तब्येत विचारतो का?"

*

उपाहारगृहाच्या मालकीणबाईंनी टेबलावरचे रुमाल घडी करता करता उत्तरं दिली.

"ती बाटली मला हवी होती, लपवत नाही. मागेल ती किंमत देत होते. तिनं नाही म्हटलं, विषय संपला. खाली तळघराच्या दोनच किल्ल्या. एक माझ्याकडे, एक तळघरकाकांकडे."

"ते किती वर्षं आहेत?"

"चाळीस. तिच्या वडिलांनीच लावलं होतं त्यांना कामाला. आता हात थरथरतात, पेला धरवत नाही. पण शब्द दिलाय तिच्या वडिलांना, काकांना घरी बसवणार नाही म्हणून."

तळघर थंड होतं. भाऊजींना लगेच तीन शिंका आल्या.

तळघरकाकांनी चहा पुढे केला, त्यातला अर्धा बशीत सांडला. "बोला. पोरीनं पाठवलंय ना?"

"तिच्या वडिलांचा कप्पा बघायचाय."

कप्पा रिकामा होता. बाटलीचं तोंड जिथे येतं, तिथल्या लाकडावर जांभळट डाग होता. घासून फिका केलेला. भाऊजींनी बोट लावलं. "चिकट आहे हो."

कोपऱ्यात एक जुनं टेबल आणि खुर्ची होती. टेबलावर चष्म्याचं घर, पेन्सिल आणि बोटभर धूळ. मधोमध एका वाटोळ्या जागी मात्र धूळ अगदी पातळ होती.

"पुसत नाही वाटतं?" वहिनी म्हणाल्या.

"पोरीच्या बाबांचं टेबल आहे. मी कोण पुसणार?"

"तुमच्याकडे स्वतःची अशी एखादी चांगली बाटली?"

"छे! मला डॉक्टरांनी बंद केलीय."

काकांच्या झोपायच्या जागेजवळ, भिंतीतल्या झरोक्यात एका गडद हिरव्या बाटलीत दोन पिवळी फुलं होती. लेबल धुऊन काढलेलं. फुलं आवडली म्हणून भाऊजींनी बाटली उचलली. "इथे खांद्यावर काहीतरी टोचतंय. नक्षी असेल."

काकांनी ती घाईनं काढून घेतली आणि चिन्हाची बाजू भिंतीकडे करून ठेवली.

वर येताना वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही आज केस सोडवलीत."

"मी? कशी काय?"

"बिस्कीट खा."

*

रविवारी सकाळी तळघरातल्या त्याच टेबलाभोवती सगळे जमले. मालकीणबाई, लंबू, काका आणि ती मुलगी, बाटली छातीशी धरून. तक्रारीचा कागद तिच्या खिशातून डोकावत होता.

"पट्टीपासून सुरू करू," वहिनी म्हणाल्या. "समजा, मी वाइन प्यायले आणि दुसरी भरली. मला लपवायचंय. तर कुठपर्यंत भरीन?"

"काठोकाठ," भाऊजी म्हणाले.

"शेवटच्या रेघेपर्यंत," मुलगी हळूच म्हणाली.

"बरोबर. वडिलांनी जागा दाखवून ठेवली आहे. चोर तिथेच थांबला असता. ही भरणाऱ्याला लपवायचं नव्हतं, बाटली वाचवायची होती. वाइनचा शत्रू कोण?"

"हवा. म्हणून मानेपर्यंत भरतात."

"आता गाळ. कडेचा थर तसाच आहे, म्हणजे बाटली कधी पूर्ण रिकामी झाली नाही. तळाचा थर सांगतो की ती काही महिने उभी होती. कुठे? या टेबलावर, त्या वाटोळ्या जागी. बाटली उभी राहिली की बुचाचं काय होतं?"

"सुकतं. आक्रसतं." तिचा आवाज बदलला.

"आणि मग कुणीतरी चूक ओळखून ती पुन्हा आडवी ठेवली. सुकलेल्या बुचातून वाइन झिरपली. कप्प्यातला डाग भाऊजींच्या बोटाला लागला. तर मग भर कशानं घातली? खोक्यात दोन खोबणी आहेत. त्याच मळ्याची, त्याच वर्षाची दुसरी बाटली ज्यांच्याकडे होती, त्यांनी ती उघडली. रिकामी बाटली फुलं घेऊन झरोक्यात उभी आहे. दोन पानांचं तेच चिन्ह."

सगळ्यांच्या नजरा काकांकडे वळल्या.

"पण हात थरथरणारा माणूस इतकं सरळ बूच बसवू शकत नाही," वहिनी म्हणाल्या. "त्याला धट्टाकट्टा मदतनीस लागतो. आणि तोंड बंद ठेवणारा."

लंबू स्वतःच्या बुटांकडे बघत होता.

काका खुर्चीचा हात धरून उभे राहिले. "चाळीस वर्षं मी बाटल्या आडव्या ठेवल्या, पोरी. नव्या माणसाला पहिला धडा हाच देतो. पण ते गेले आणि हे टेबल असं रिकामं... माझ्यानं बघवेना. तुझी बाटली आणून ठेवली इथे. रोज सकाळी वाटायचं, आहे कुणीतरी. पाच महिने माझ्या लक्षातच आलं नाही मी काय करतोय. मला! आडवी केली तेव्हा उशीर झाला होता. तिसरा हिस्सा गेला गं."

"म्हणून तुमची उघडलीत," मुलगी म्हणाली.

"माझी कसली? त्यांनीच दिली होती. तू पास झालीस की दोन्ही एकदम उघडायच्या, असं ठरलं होतं आमचं. भर घालून उरली त्यातला एक घोट मी घेतला. बाकी या खुर्चीपुढे ठेवली." त्यांनी तोंड फिरवलं. "तुला सांगायची हिंमत झाली नाही. बापाची ठेव सांभाळायला दिली, ती मी सांडली."

मुलीनं खिशातला कागद काढला, घडी उलगडली आणि लंबूकडे दिला. "फाड."

"ठेवू का? अक्षर छान आहे."

"फाड रे, उंटा." ती रडत होती आणि हसतही होती. "मला का नाही सांगितलंस?"

"काकांनी माझ्यासमोर हात जोडले. असे थरथरणारे. मग काय करणार?"

बाटली तिनं टेबलावर ठेवली, नेमकी त्या वाटोळ्या जागी. बापाची पेन्सिल उचलली आणि पट्टीवर तिसावी रेघ मारली, बाकी सगळ्यांच्या वर.

मग लाख फोडली. बूच हळू ओढलं. पेल्यात थोडी ओतून नाकाशी नेली आणि डोळे मिटले. भाऊजींनी शिंक आली तीसुद्धा गिळली.

"दगड," ती म्हणाली. "उन्हात तापलेला. पाणी ओतलेला."

तिनं पहिला पेला भरला आणि काकांपुढे धरला. त्यांचे हात थरथरत होते, म्हणून तिनं तो सोडला नाही. दोघांनी मिळून धरला.

"डॉक्टर?" काका म्हणाले.

"एकच घोट. हा तुमचा. मागचा बाबांचा धरू."

परतल्यावर घराच्या पायरीवर भाऊजींनी विचारलं, "वहिनी, फी सांगायची राहिली का?"

"दिली की तिनं." वहिनींनी पिशवीतून त्या बाटलीचं ते नवं बूच काढलं. त्यावर पेन्सिलीनं एक बारीक रेघ होती. "आता आत चला. चहा टाका, आणि बिस्किटं काढा. आज बोलत बोलत खा."