तीन कुत्रे आणि आत्याचं दुकान

"बसला! हाही बसला!" काका वैतागून ओरडले.

लांबलचक व्हरांड्याच्या टोकाला, दारापासून जेमतेम हातभर अंतरावर, फौजदारने बसकण मारली होती. फौजदार म्हणजे काकांचा रुबाबदार अल्सेशियन. त्याचा पट्टा आत्याच्या चाकाच्या खुर्चीला बांधलेला. कुत्रा हलेना, म्हणून खुर्चीही हलेना.

"अल्सेशियन जातच संशयी," काकांनी निकाल देऊन टाकला. "दार दिसलं की यांना पलीकडे चोर दिसतो."

"पण मघाशी लॅब्रडोर बसला, तेव्हा तुम्ही म्हणालात की ती जात आळशी!" वकील म्हणाला. सुट्टीला आलेल्या तीन भावंडांत चिमणी थोरली, आणि हा तिचा धाकटा भाऊ. कुणाचंही बोलणं उलटून विचारायची त्याला भारी हौस, म्हणून घरात सगळे त्याला वकीलच म्हणत.

"आणि पूडल बसला, तेव्हा ती जात नाजूक!" सगळ्यात धाकट्या ढोल्याने भर घातली.

"तुम्ही सुट्टीला आला आहात ना? मग खेळा जाऊन!"

पण खेळात लक्ष कुणाचं लागणार? अपघातापासून आत्याचे पाय चालत नव्हते. तिचं घड्याळदुरुस्तीचं दुकान तेव्हापासून बंद होतं. हात मात्र तिचे तसेच तरबेज होते. अडायचं ते एवढ्यातेवढ्या गोष्टींवर. चिमटा खाली पडला, उचलणार कोण? दार ओढून उघडणार कोण? "दर वेळी कुणाला तरी हाका मारायच्या, तर दुकान कशाला उघडू?" ती म्हणायची. म्हणून काकांनी, म्हणजे तिच्या भावाने, तीन जातींचे तीन कुत्रे तयार केले होते. कुत्र्यांना मदतीची कामं शिकवणं हा त्यांचा धंदाच होता. आज दुपारी तिघांची परीक्षा घ्यायला परीक्षक बाई येणार होत्या. एकही कुत्रा पास झाला नाही, तर पुढची परीक्षा थेट पुढच्या वर्षी. आणि दुकानाच्या भाड्याच्या जागेचा मालक तेवढा थांबायला तयार नव्हता.

चिमणी व्हरांड्याच्या पायरीवर विचार करत बसली.

"वकील, तिघांच्या तीन जाती. तिघांचे स्वभाव वेगळे. मग तिघे एकाच जागी कसे अडतात?"

"म्हणजे चूक जातीची नाही. जागेची!"

"आणि सकाळी तिथूनच तर सरळ बाहेर जातात!" ढोल्या म्हणाला. "दुपारीच कोण यांचे पाय धरतं?"

चिमणीने त्याच्याकडे नीट निरखून पाहिलं. "ढोल्या, तू कुत्रा हो."

"मीच का?"

"तुझी उंची बरोबर आहे म्हणून!"

आत्या व्हरांड्यातल्या बाकावर घड्याळ उघडून बसली होती, तेव्हा तिच्या रिकाम्या खुर्चीत वकील बसला. ढोल्या गुडघ्यांवर रांगत निघाला, आणि मध्येच हौसेने भुंकलासुद्धा. नेहमीप्रमाणे दाराच्या बाजूला उभे असलेले काका बघत राहिले. "हे काय चाललंय?" म्हणत त्यांनी नीट दिसावं म्हणून कपाळावर हात आडवा धरला.

ढोल्या जागच्या जागी थबकला.

"काका, मला कशाला थांबवताय?"

"मी कुठे थांबवलं?"

"तुमचा पंजा!"

चिमणी पटकन खाली वाकली आणि तिला सगळा उलगडा झाला. दुपारचं ऊन व्हरांड्याच्या मोकळ्या बाजूने सरळ काकांच्या डोळ्यांवर येत होतं. काका हाताचा आडोसा करत होते. उभ्या माणसाला त्यात वावगं काहीच दिसलं नसतं. खालून मात्र उन्हात चमकणारा अख्खा उघडा पंजा दिसत होता. आणि काका कुत्र्यांना शिकवायचे ते हातांच्या खुणांनी. उघडा पंजा म्हणजे, 'जिथे आहेस तिथे बस!'

"बिचारे तिघंही तुमचंच ऐकत होते!" चिमणी म्हणाली.

"काहीतरीच! इतकी वर्षं कुत्री शिकवतोय मी. माझा हात मला कळत नाही?"

"काळा चष्मा तरी लावा," वकील म्हणाला.

"गरज नाही!"

तेवढ्यात फाटकाशी गाडी थांबली. परीक्षक बाई आल्या होत्या! चिमणी धावत आत्याकडे गेली आणि तिच्या कानाशी लागली. आत्याच्या गालाला खळी पडली. तिने मांडीवरचा ट्रे उचलून काकांपुढे धरला. त्यात एक उघडलेलं घड्याळ होतं, आणि तीळभर आकाराचे स्क्रू.

"अरे, परीक्षा होईपर्यंत एवढं धर. दोन्ही हातांनी! एक जरी स्क्रू सांडला ना, तर रात्रभर तुलाच शोधायला लावीन."

काकांचा पुतळा झाला. आत्या पुन्हा आपल्या चाकाच्या खुर्चीत बसली.

पहिला आला लॅब्रडोर, गोणी. त्याने किल्ली उचलून दिली, दोरी ओढून दार उघडलं आणि खुर्चीबरोबर थेट बाहेर! मग फौजदार. तोही बाहेर! शेवटी पांढरा, चांगला मांडीएवढ्या उंचीचा पूडल, कापूस. तोही न अडखळता बाहेर! उन्हाने काकांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"अहो, एवढे भावुक होऊ नका," परीक्षक बाई म्हणाल्या. "तिघेही पास आहेत!"

मुलांनी एकच कल्ला केला. काका मात्र ट्रेला जखडलेल्या आपल्या हातांकडे बघत म्हणाले, "म्हणजे खरंच माझाच हात..."

"आता सांगा, यांच्यासाठी कुठला निवडू?" बाईंनी विचारलं.

"फौजदार! काय ऐट आहे त्याची!" काका म्हणाले.

"गोणी," वकील म्हणाला. "तो सगळ्यांचा लाडका आहे."

आपलं नाव ऐकून गोणी आनंदाने काकांना बिलगला आणि त्याने सगळं अंग झटकलं. पिवळे केस हवेत उडाले, आणि उतरले ते नेमके ट्रेमध्ये! फौजदारही मागे राहिला नाही. आत्या चिमट्याने घड्याळाच्या चाकाच्या दात्यांतून एकेक केस काढू लागली.

चिमणी ते बघत होती. तिने कापसाला जवळ बोलावलं, त्याच्या पाठीवरून दोन्ही हात खसाखसा फिरवले आणि तळवे सगळ्यांपुढे धरले. एकही केस नाही!

"आत्याला घड्याळं दुरुस्त करायचीत," ती म्हणाली. "ऐट आणि लाड घेऊन काय करायचं?"

परीक्षक बाई तिच्याकडे बघतच राहिल्या. "शाबास, पोरी! कुत्रा निवडताना मोठी माणसं आधी कुत्र्याकडे बघतात. तू आधी कामाकडे बघितलंस. पूडल हुशार असतो, आणि त्याचे केस फारसे गळत नाहीत. मात्र वाढतात भराभर. नियमित कातरावे लागतील हं!"

"ते काका कातरतील," वकील लगेच म्हणाला.

"का? मी का?"

"तुम्ही त्याला नाजूक म्हणालात, त्याची भरपाई!"

काका खळखळून हसले. "कबूल! कुत्र्यांना शिकवलं मी, आणि मला शिकवलं या तीन कार्ट्यांनी!"

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या दुकानाकडे निघाली. कापूस तिच्या खुर्चीला खेटून ऐटीत चालू लागला. मागोमाग चिमणी, तिच्यामागे वकील, त्याच्यामागे ढोल्या आणि सगळ्यात मागे काका, अशी वरातच निघाली.

फाटकाशी आत्याने खुर्ची वळवली.

"तुमचे उपकार जन्मभर विसरणार नाही रे बाळांनो. पण आता परत फिरा बघू! मला एकटीला जाता यावं म्हणूनच एवढा खटाटोप केलात ना?"

कापसाने दोरी ओढून फाटक उघडलं.