गेंदू होडीत बसला कसा?

गोष्ट तीच, हत्ती तोच, नदीही तीच. मग आई सांगायची तेव्हा शौनक पोट धरून हसायचा आणि मुक्ता सांगते तेव्हा भिंतीकडे तोंड करून बसतो, हे कसं काय? मुक्ताला हे कोडं काही केल्या सुटत नव्हतं.

आई सध्या चंद्रावर होती. तुम्हाला याचं नवल वाटेल, पण त्या काळात कराडमध्ये कोणाला वाटत नव्हतं. आज जसं प्रत्येकाचं कोणी ना कोणी पुण्याला असतं, तसं तेव्हा कोणी ना कोणी अवकाशात असायचं. मुक्ताची आई चंद्रावरच्या तळावर मेथी पिकवून बघत होती आणि मेथी काही तिचं ऐकत नव्हती. परत यायला अजून बरेच महिने होते. निघताना तिने मुक्ताला एकच काम सांगितलं होतं.

"शौनकला रोज संध्याकाळी गोष्ट सांगत जा. गोष्टीशिवाय तो धड जेवत नाही, ठाऊक आहे ना तुला?"

"हात्तिच्या, एवढंच ना!" मुक्ता म्हणाली होती.

तिचा एवढा भरवसा होता तो सारूच्या जिवावर. सारू म्हणजे 'उजेड वाचनालया'तला यंत्रमानव (माणसासारखी कामं करणारं यंत्र). वाचनालयातली सगळी पुस्तकं त्याच्या स्मृतीत होती. नाव सांगायचा अवकाश, की एका दमात पुस्तकाचा सारांश हजर. सगळं गाव त्याच्यावर खूश होतं. मोठी माणसं कामावर जाता जाता दारातूनच ओरडत, "सारू, आज काय विशेष?" गाडी बंदसुद्धा करत नसत. सारू सांगे, ती मान डोलवत आणि भुर्रकन निघून जात. पुस्तकं मात्र कपाटातच. सारू रोज मऊ ब्रशने एकेक पुस्तक झाडून पुन्हा जागेवर ठेवी, आणि दुसऱ्या दिवशी तेच पुस्तक पुन्हा झाडी.

मुक्ताने सारूकडून इतके सारांश ऐकले होते, की "मला सगळी पुस्तकं येतात" असं ती शाळेत ऐटीत सांगायची. तर अशा या पंडिता मुक्ताबाई त्या संध्याकाळी शौनकसमोर बसल्या.

"गेंदू नावाचा एक हत्ती पाण्याला घाबरायचा. त्याला नदीपलीकडे जायचं होतं. सगुणाबाई नावाच्या नावाडणीने त्याला पलीकडे नेलं. त्याची भीती गेली. संपली गोष्ट. चल जेवायला."

शौनक होता पाच वर्षांचा, पण प्रश्न विचारण्यात एखाद्या वकिलालाही हार गेला नसता.

"हत्ती होडीत बसला कसा?"

"बसला असेल... जपून."

"होडी बुडाली नाही?"

"मोठी असेल होडी."

"सगुणाबाई काय म्हणाली त्याला?"

"ते मला कसं ठाऊक असणार?"

"आईला ठाऊक असायचं," शौनक म्हणाला. "आई तिथे जाऊन आली होती. तू गेलीच नाहीस. आता मी आई आल्यावरच ऐकीन."

त्याने दोन घास खाल्ले आणि खिडकीत जाऊन चंद्र उगवायची वाट पाहत बसला. मुक्ताला वाईट वाटलं. आईने एकच काम सांगितलं होतं आणि तेही तिला जमत नव्हतं. त्यातून शौनक दिवसेंदिवस गप्प गप्प होत चालला होता, ते वेगळंच.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती तडक वाचनालयात गेली.

"सारू, गेंदू होडीत बसला कसा?"

"क्षमा असावी मुक्ताताई, ते सारांशात नाही," सारू अदबीने म्हणाला.

"मग कशात आहे?"

"पुस्तकात आहे. पण पुस्तक लांबलचक आहे. आपण उगाच त्रास घेऊ नये."

मागच्या खोलीतून खो खो हसण्याचा आवाज आला. ते मुक्ताचे आजोबा, म्हणजे आबा. आबा मेंदूचे शास्त्रज्ञ. निवृत्त झाले तरी त्यांची खोड गेली नव्हती. घरात वायरी पसरल्या की त्यांची लेक, म्हणजे मुक्ताची आई, रागवायची, म्हणून त्यांनी वाचनालयाच्या मागच्या खोलीत आपला पसारा मांडला होता.

"ये इकडे," ते म्हणाले. "तुझा भाऊ काय म्हणाला ते मी काल ऐकलंय. 'तू गेलीच नाहीस.' अगं, आम्हाला जे समजायला वर्षानुवर्षं लागली, ते या पोराने एका वाक्यात सांगितलं! ही टोपी घाल."

टोपीला आतून बारीक बारीक बटणं होती. आबांनी समोरचा पडदा चालू केला. त्यावर मेंदूचं चित्र दिसू लागलं, अंधारातल्या गावासारखं.

"आपल्या मेंदूत अब्जावधी चेतापेशी (एकमेकींना निरोप देणाऱ्या पेशी) असतात," आबा म्हणाले. "निरोप जातो तेव्हा बारीकशी वीज खेळते. ती ही टोपी ओळखते. मेंदूचा जो भाग कामाला लागेल, तिथे पडद्यावर दिवा लागेल. सारू, सांग रे गेंदूचा सारांश."

सारूने सांगितला. पडद्यावर डाव्या कानाच्या आसपास थोडे दिवे लागले आणि विझले.

"हा भाषा समजून घेणारा भाग. निरोप आला, समजला, काम संपलं," आबा म्हणाले. "आता हे वाच. मनातल्या मनात."

त्यांनी तिच्या हातात खरंखुरं पुस्तक दिलं. मुक्ताने पहिलं पान उघडलं. दोन ओळी वाचल्या आणि तिची नजर घसरून एकदम खाली गेली. ती परत वर आली, पुन्हा घसरली.

"आबा, हे किती हळू आहे! आणि माझं लक्षच लागत नाही."

"नाहीच लागणार. पायवाट कशी तयार होते? लोक रोज चालतात म्हणून. चालणं थांबलं की गवत माजतं. मेंदूतही तसंच. दोन चेतापेशी जिथे जवळ येतात त्या जागेला चेतासंधी म्हणतात. तिथून पुन्हा पुन्हा निरोप गेले की ती वाट पक्की होते. त्यातून वाचनाची वाट आपण जन्माला येताना आणतच नाही बरं का. बोलणं मूल ऐकून ऐकून शिकतं. वाचायला मात्र मेंदूत वेगळी जागाच नसते. चेहरे आणि वस्तू ओळखणाऱ्या भागातली थोडी जागा मागून घेऊन मेंदू तिथे अक्षरं ओळखायला शिकतो. अशी कष्टाने केलेली वाट तू गवतात घालवलीस! चल, अजून दोन पानं रेट."

मुक्ताने तोंड वाकडं केलं, पण रेटली. तिसऱ्या पानावर गेंदू नदीकाठच्या चिखलात उतरला. त्याचा पाय रुतला. तो ओढून काढताना फस्स असा आवाज झाला. शेवाळाचा ओला वास आला. मुक्ता पुस्तकात बुडून गेली. पानं उलटण्याचा तेवढा आवाज येत होता. ती शेवटच्या पानापर्यंत गेली तेव्हा आबांनी हळूच तिच्या खांद्यावर हात ठेवला. ती दचकली.

"आबा! तो होडीत बसलाच नाही!" ती ओरडली. "सगुणाबाईने होडी हळूहळू वल्हवली आणि तिचा दोर त्याच्या सोंडेत दिला. मधेच तळ संपला, तसा तो घाबरला, आणि मग त्याला कळलं की आपण तरंगतोय! हत्तीला पोहता येतं, त्यालाच माहीत नव्हतं. सारूने सांगितलं ते चूक होतं!"

"चूक नव्हतं," सारू जरा दुखावल्या स्वरात म्हणाला. "नावाडणीने त्याला पलीकडे नेलं, हे खरंच आहे."

"खरं आहे. फक्त गोष्ट त्यात राहिली नाही," आबा म्हणाले. "आता हा पडदा बघ. तू वाचत असतानाचं चित्र मी जपून ठेवलंय."

पडदा पाहून मुक्ताने तोंडावर हातच ठेवला. सगळं गाव उजळलं होतं.

"पाय रुतला ना, तेव्हा हा दिवा लागला. हा आपले पाय हलवणारा भाग. शेवाळाचा वास आला तेव्हा हा. हा वासाचा."

"पण मी तर खुर्चीवरच होते! आणि इथे कुठे आलाय वास?"

"तेच तर! वाचताना मेंदू नुसता निरोप घेत नाही. तो प्रसंग स्वतःच्या आत पुन्हा घडवतो. कोणी जीव लावून, सावकाश सांगितलं तर ऐकतानाही हे होतं. तुझ्या आईचं ऐकून शौनकला व्हायचं तसं. पण नुसता सारांश ऐकताना मेंदूला घडवायला काही मिळतच नाही. बरं, मला सांग, सगुणाबाईचं लुगडं कुठल्या रंगाचं होतं?"

"हिरवं," मुक्ता चटकन म्हणाली. "आणि हातात बांगड्या नव्हत्या. मनगटावर काळ्या पट्ट्याचं घड्याळ होतं."

"मी पुस्तक अक्षरन् अक्षर तपासलं आहे," सारू म्हणाला. "रंगाचा उल्लेख नाही. घड्याळ तर मुळीच नाही."

"मग हिरवं आलं कुठून?" आबांनी विचारलं.

काळ्या पट्ट्याचं घड्याळ तिने रोज पाहिलं होतं. हिरवी साडी आई दसऱ्याला नेसायची. सगुणाबाईचा चेहरा आता तिला नीट आठवला, आणि तो आईचा होता. तिचे डोळे भरून आले. तिला आईची किती आठवण येत होती, हे तिने आजपर्यंत स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

"लेखक निम्मीच गोष्ट लिहितो, बाळा," आबा तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले. "उरलेली वाचणारा आपल्या पदरची घालतो. म्हणून तर आपण वाचलेलं पुस्तक आपलं होतं."

सारूचा ब्रश हातातच थांबला होता. "आबासाहेब, मग मी रोज सारांश देतो, त्यात वाईट काय होतं?"

"तुला एक गंमत सांगतो. मी कॉलेजात असताना याच वाचनालयात एक महाभाग यायचा. रहस्यकथा परत करण्याआधी पहिल्याच पानावर पेन्सिलीने लिहून ठेवायचा, 'खुनी माळी आहे'. पुढच्या वाचकाचा नुसता तिळपापड! लोक भांडायला यायचे. आता सांग, त्याने लिहिलेलं खोटं होतं का?"

"नाही. सत्य होतं."

"मग लोक का चिडायचे?"

सारूच्या डोळ्यांतले दिवे बराच वेळ उघडमीट करत राहिले. "कारण खुनी कोण हे कळावं म्हणून त्यांनी पुस्तक नेलं नव्हतं. त्यांना तो शोधायचा होता." मग तो अगदी हळू आवाजात म्हणाला, "म्हणजे मी रोज प्रत्येकाच्या पहिल्या पानावर लिहून ठेवतो."

"अरे वेड्या, तू मदत करायला गेलास," आबा म्हणाले. त्यांनी उठून त्याच्या पत्र्याच्या डोक्यावर थोपटलं.

त्या संध्याकाळी शौनक खिडकीत बसला होता. मुक्ता त्याच्याशेजारी जाऊन बसली आणि चंद्राकडे बघतच म्हणाली, "काठावर इतका चिखल होता, की गेंदूचा पाय निघताना फस्स झालं."

शौनकने मान वळवली नाही. पण त्याचे कान टवकारले होते.

"सगुणाबाई त्याला म्हणाली, 'अरे, एवढा मोठा देह तुझा आणि भीती केवढीशी! ती बसू दे माझ्या होडीत, तू ये मागून.' म्हणून गेंदू होडीत बसला नाही. त्याची भीती बसली."

"भीती होडीत बसली?" शौनक खुदकन हसला. मग सरकत सरकत तिच्या मांडीवर आला. तिच्या चेहऱ्याकडे निरखून बघत त्याने विचारलं, "तू गेली होतीस तिथे?"

"हो. आजच जाऊन आले."

त्या रात्री तो पोटभर जेवला आणि जेवताना पाणी सोंडेने पिण्याचा त्याने प्रयत्न केला, हे वेगळं सांगायला नकोच.

सारूही बदलला. एका सकाळी नेहमीचे एक गृहस्थ स्कूटर चालू ठेवूनच ओरडले, "सारू, आज काय?" सारूने एका दर्यावर्दी बाईची गोष्ट सुरू केली. भर समुद्रात तिचं शीड फाटलं आणि सारू थांबला.

"अरे, पुढे?"

"पुढचे शब्द माझ्याकडे आहेत साहेब, पण मला त्यात काही दिसत नाही. आपण वाचा, आणि पुस्तक परत करताना मला सांगा, आपल्याला काय दिसलं."

गृहस्थ क्षणभर चडफडले. मग त्यांनी गाडी बंद केली आणि आत आले. हळूहळू कपाटांत दातपडक्या पोरांच्या हसण्यासारख्या फटी दिसू लागल्या. पुस्तक परत करायला येणाऱ्यांशी सारू तासन् तास बोलत बसे. प्रत्येकाची दर्यावर्दी वेगळी निघे, आणि सारूला त्याचं फार अप्रूप वाटे.

रविवारी चंद्रावरून आईचा फोन आला. पडद्यावर तिचा चेहरा दमलेला दिसत होता. मेथी पुन्हा जळाली होती.

"आई, सगुणाबाईचं लुगडं लाल होतं ना?" शौनकने लगेच विचारलं.

"हिरवं!" मुक्ता म्हणाली.

"मला तर नेहमी निळं दिसायचं," आई म्हणाली आणि कसनुसं हसली. "इथे पुस्तकच नाही रे. सामानात सगळ्या पुस्तकांचे सारांश तेवढे दिलेत. एवढ्यात ते लुगडंसुद्धा विसरायला लागले होते मी."

मुक्ताने पुस्तक आणलं, तिसरं पान काढलं आणि सावकाश वाचू लागली. तिचा आवाज चंद्रापर्यंत पोहोचायला आणि आईचं हसू परत यायला जरा वेळ लागतो, म्हणून ती प्रत्येक वाक्यानंतर थांबत होती. चिखल आला, फस्स झालं, आणि थोड्या वेळाने तिकडे आई खळखळून हसली. मग तिने डोळे मिटून घेतले.

"ताई, वाच ना, थांबू नकोस," शौनक कुजबुजला. "आई आत्ता चंद्रावर नाहीये. ती आपल्याजवळ काठावर उभी आहे."