उन्हाळ्यातली पुस्तकं आणि रॉरी

फेरीबोट धक्क्यावरून निघाली तेव्हा धुकं इतकं दाट होतं, की समोरचं बेट कुणी पुसून टाकलंय असं वाटावं. ओडील कोमो डेकवरच्या बाकावर बसून खुशाल रडत होती. मांडीवर पुस्तक, नाकाचा शेंडा लालबुंद...

"कोण गेलं?"

दोराचं भेंडोळं खांद्यावर घेतलेला एक उंच तरुण समोर उभा होता.

"घोडा," ती हुंदका गिळत म्हणाली.

"अरेरे! तुमचा?"

"नाही हो... पुस्तकातला."

त्यानं गंभीर चेहऱ्यानं डोक्यावरची टोपी काढून छातीशी धरली. आणि मग ओडीलला असं काही हसू फुटलं, की रडायचं राहूनच गेलं.

तो रॉरी मॅकिसॅक. फेरीवर कामाला होता. ती हॅलिफॅक्सच्या एका शाळेत शिकवायची आणि दर उन्हाळा बेटावर बर्थमावशीकडे काढायची. शुक्रवारी संध्याकाळी चर्चच्या हॉलमध्ये ती आपल्याला आवडलेल्या पुस्तकांवर बोलायची. मावशी ब्लूबेरीचा केक मांडायची. लोक नेमके कशासाठी यायचे, देव जाणे; पण यायचे खरे.

उतरताना तिनं ते संपलेलं पुस्तक त्याच्या हातात ठेवलं. "रडलात तर सांगा हं."

पुढच्या आठवड्यात त्यानं ते परत केलं. "रडलो नाही. इंजिनाच्या धुरानं डोळ्यांत पाणी आलं."

"दोन्ही डोळ्यांत?"

"डाव्यात जरा जास्त."

मग हे चालूच राहिलं. ती वाचनालयात जायला पलीकडे निघाली, की एक पुस्तक द्यायची आणि आधीचं घ्यायची. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही. तो कानात हेडफोन अडकवून दोर आवळत असायचा. ती दिसली की लगेच काढायचा. तेवढ्यानंही तिला गोड वाटायचं.

"त्या दीपगृहातल्या बहिणींचं पुस्तक मला फार आवडलं," एकदा ती म्हणाली. "काहीच घडत नाही त्यात. वर्षानुवर्षं अबोला, आणि नुसता दिवा पुसत बसतात."

"घडत नाही कसं? धाकटी म्हणते ना, 'चहा झालाय.' तिथंच तिनं माफ केलं थोरलीला. आवाजच बदललाय तिचा."

"आवाज?" ओडीलनं भुवया उंचावल्या. "पुस्तकात कुठला रे आवाज?"

रॉरीचे कान लाल झाले. "म्हणजे... मला तसं वाटलं."

ऑगस्टमध्ये एका शुक्रवारी तो पहिल्यांदाच हॉलमध्ये आला. इस्त्रीचा शर्ट घालून, दाराशीच टेकून उभा. त्याला पाहून ओडील जरा जास्तच रंगात आली. तेवढ्यात म्हाताऱ्या मिसेस डेव्होंनी विचारलं, "पोरी, मी हल्ली पुस्तकं ऐकते. ते वाचणंच ना गं?"

"छे हो आजी! ते म्हणजे दुसऱ्यानं चावून दिलेला घास!"

हॉल हसला. मिसेस डेव्होही हसल्या. ओडीलनं दाराकडे पाहिलं... तिथं कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी फेरीवर त्यानं तिचं पुस्तक पुढं केलं. चेहऱ्यावर हसू नव्हतं.

"हे घे. मी यातलं एक पानही वाचलेलं नाही. एकाही पुस्तकाचं नाही."

"रॉरी—"

"लहानपणापासून अक्षरं माझ्या डोळ्यांपुढं नाचतात. एक ओळ लावेपर्यंत घाम फुटतो. तू द्यायचीस ती सगळी मी ऐकली. वाचनालयातून रेकॉर्डिंग मागवून, इथं काम करता करता." त्यानं पुस्तक तिच्या हातात ठेवलं. "चावलेले घास. पण मला गोड लागले होते."

आणि तो दोर सोडायला निघून गेला.

ओडीलला तोंड लपवावंसं वाटलं. त्या दुपारी ती आधी मिसेस डेव्होंकडे गेली आणि त्यांची माफी मागितली. मग त्यांच्याच स्वयंपाकघरात, बटाटे सोलता सोलता, त्या दोघींनी दीपगृहाचं पुस्तक ऐकलं. धाकटी बहीण 'चहा...' म्हणाली. जरा थांबली. "...झालाय." ओडीलच्या हातातली सुरी थांबली. हे वाक्य तिनं दोनदा वाचलं होतं. दोन्ही वेळा धावत, पुढचं पान गाठायच्या घाईत.

सुट्टी संपायला आली होती. रविवारी ती फेरीवर चढली तेव्हा हातात वाचनालयातलं एक जुनं, पिवळं पडलेलं पुस्तक होतं. रॉरीनं पाहूनही न पाहिल्यासारखं केलं.

"याचं रेकॉर्डिंग नाही," ती म्हणाली. "कुणी केलंच नाही. मी विचारून आले."

"मग?"

"मग बस इथं. मी वाचते." ती बाकावर सरकून बसली. "मी फार वाईट बोलले रे. आणि चुकीचंही. तुला जे ऐकू आलं, ते माझ्या नजरेतून निसटलं होतं. रागव, पण... बस ना."

तो बसला. बाकाच्या अगदी दुसऱ्या टोकाला. ओडील वाचू लागली. वारा पानं उलटवत होता; तिसऱ्यांदा उलटली तेव्हा रॉरीनं सरकून पानाचा कोपरा बोटानं दाबून धरला. तो हात मग तिथंच राहिला.

धक्का आला. उतारू उठले. कप्तान वरून ओरडला, "मॅकिसॅक, संसार नंतर थाट, आधी दोर बांध!"

दोर बांधून तो धावत परत आला. "पुढं?"

"पुढचं... उद्या मी हॅलिफॅक्सला जातेय. फोनवर वाचून दाखवीन."

"फोनवर नको."

"का?"

"वाचताना तू मधेच खालचा ओठ चावतेस. ते फोनवर कसं दिसणार?"

ओडीलनं पुस्तक मिटलं, पुन्हा उघडलं. "मग शनिवारी तू ये. माझ्या खोलीला बाल्कनी आहे... दोन खुर्च्या कशाबशा मावतात."

"आणि हे पुस्तक संपलं की?"

"मी खूप हळू वाचणार आहे," ती म्हणाली. "रॉरी, मला तू आवडतोस. ऐकू आलं ना?"

"नाही," तो अगदी जवळ येत म्हणाला. "पुन्हा एकदा म्हण."